आईची हिमनदी

"बाबासाहेब अमेरिकेला बोटीने गेले होते. मी आले ती सोळा तास आकाशात कोंडून." सिअ‍ॅटलजवळच्या आमच्या घरी आल्यावर पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेत आई म्हणाली. तक्रार अशी नव्हती, पण सूर तक्रारीच्या जवळचा होता. १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या त्या तरुण विद्यार्थ्याची गोष्ट तिने आपल्या वर्गाला तीस वर्षे सांगितली होती, आणि त्या गोष्टीत समुद्र होता. मी हसून विषय बदलला. रात्री मात्र अलास्काला जाणाऱ्या जहाजांचे दर पाहत बसले.

आईविषयी थोडे सांगायला हवे. ती १९५६ सालची, म्हणजे धम्मदीक्षेच्या वर्षी जन्मलेली. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. कॅलिपर लावून ती शिकली, कॅलिपर लावूनच कारंजा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाली. आता उजवा गुडघा झिजला आहे, कारण साठ वर्षे दोन पायांचा भार एकाच पायाने वाहिला. घरात ती काठीने चालते. तीस-चाळीस पावलांच्या पुढे व्हीलचेअर लागते, आणि ती तिला आवडत नाही. "खुर्चीत बसले की लोक माझ्याशी बोलायचे थांबतात आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाशी बोलतात," हे तिचे निरीक्षण आहे. तपासून पाहा, बहुतेक वेळा खरे ठरते.

हिमनदी हा तिचा आवडता धडा. इंग्रजी यू अक्षरासारखी दरी, हिमगव्हर, हिमोढ अशा आकृत्या ती फळ्यावर रंगीत खडूंनी काढत असे. प्रत्यक्ष हिमनदी तिने पाहिलेली नव्हती, आणि विदर्भातल्या उन्हात ती पाहण्याचा प्रश्नही नव्हता. अलास्का ठरले ते त्यामुळे.

चालणे मर्यादित असलेल्या माणसासाठी जहाजाची सहल सोयीची आहे, हे मी आधीच मान्य करते. सामान एकदाच उघडायचे. रोज नवे हॉटेल नाही, नवा जिना नाही, दर वेळी गाडीत चढणे-उतरणे नाही. जेवणघर, नाट्यगृह, दवाखाना सारे एका लिफ्टच्या अंतरावर. गावे एकामागून एक खिडकीशी येऊन उभी राहतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे उन्हाळ्यात आई-वडिलांना इकडे आणतात आणि मग त्यांना यलोस्टोनपासून नायगारापर्यंत गाडीत बसवून फिरवतात. आठव्या दिवशी वडीलधारी मंडळी मुकाट्याने गुडघ्यांना तेल चोळत बसलेली मी पाहिली आहेत. त्या मानाने जहाज दयाळू आहे.

पण ही सोय आरक्षणाच्या वेळीच ठरते, जहाजावर चढल्यावर नाही. जहाजावरील नेहमीच्या खोलीचे दार बहुधा इतके अरुंद असते की चाकाची खुर्ची घडी केल्याशिवाय आत येत नाही. आणि न्हाणीघराला उंबरठा असतो. जहाजात पाणी इकडून तिकडे वाहू नये म्हणून तो मुद्दाम उंच केलेला असतो. ज्याला पाय उचलता येत नाही त्याला तो चार इंचांचा उंबरठा घाटासारखा. व्हीलचेअरसाठी केलेल्या खोल्यांत दार रुंद असते, खुर्ची पूर्ण फिरेल एवढी सुमारे पाच फुटांची मोकळी जागा असते, न्हाणीघराची जमीन सपाट असते, भिंतीला धरायचे दांडे आणि अंघोळीला बसायची घडीची बैठक असते. या खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. आम्ही दहा महिने आधी घेतली, तेव्हा कुठे बाल्कनीची मिळाली.

येथे एक व्यावसायिक टिप्पणी करण्याचा मोह आवरत नाही. आरक्षणाच्या पानावर प्रश्न होता, 'व्हीलचेअर वापरता का?' आणि उत्तरे दोनच, होय किंवा नाही. मी दिवसभर असलेच फॉर्म लिहिते. त्यामुळे मला ठाऊक आहे की दोन उत्तरांचा रकाना करणाऱ्याने माझ्या आईसारखे माणूस पाहिलेलेच नसते. ती चाळीस पावले चालते, तीन पायऱ्या कठडा धरून चढते, पाचवी पायरी चढत नाही. या उत्तराला त्या पानावर जागा नव्हती. म्हणून फोन केला आणि जे सांगितले ते सारे लेखी मागून घेतले. तुम्हीही लेखी घ्या.

हे मागताना मनात संकोच होता, तो नंतर गेला. कारण मी वाचत गेले तसे कळले की हे रुंद दार कोणा कंपनीच्या चांगुलपणातून आलेले नाही. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ वे कलम आले. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम. पण त्याचे नियम चार वर्षे सहीविना पडून राहिले. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात शंभराहून अधिक अपंग कार्यकर्ते शिरले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हललेच नाहीत. त्यांना रोजचे गरम जेवण कोणी पोचवले? ब्लॅक पँथर पक्षाने. त्या पक्षाचा ब्रॅडली लोमॅक्स हा मल्टिपल स्क्लेरोसिसने खुर्चीला खिळलेला कार्यकर्ता स्वतः आत बसला होता. १९७२ मध्ये मुंबईतील आपल्या तरुणांनी ज्यांचे नाव घेऊन दलित पँथर उभी केली, त्यांनीच हे जेवण वाहिले, हे वाचून मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवले. "अन्न घेऊन गेले, हे बरे केले," एवढेच ती म्हणाली.

२८ एप्रिल १९७७ रोजी नियमांवर सही झाली. पुढे १९९० च्या मार्चमध्ये कार्यकर्त्यांनी कुबड्या आणि खुर्च्या खाली ठेवून वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या पायऱ्या सरपटत चढून दाखवल्या, आणि त्याच वर्षी २६ जुलैला अपंग नागरिकांचा कायदा, ज्याला येथे सारे एडीए म्हणतात, तो झाला. दुकान, हॉटेल, थिएटर सर्वांना लागू. मात्र जहाजे म्हणाली, आम्ही अमेरिकेची नाहीच! ते कागदोपत्री खरे होते. अमेरिकी बंदरांतून निघणारी बहुतेक मोठी प्रवासी जहाजे बहामा, पनामा, माल्टा किंवा बर्म्युडा यांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात. ह्यूस्टनहून निघालेल्या जहाजांवरील काही अपंग प्रवाशांनी खटला भरला. सोयीच्या खोलीला आणि मदतीला जादा पैसे घेतले, खिडकी-बाल्कनीच्या खोल्या आमच्यासाठी नव्हत्याच, संकटकाळी बाहेर काढण्याची व्यवस्थाही आमच्या उपयोगाची नव्हती, अशा त्यांच्या तक्रारी. 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या खटल्यात ६ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अमेरिकेच्या पाण्यात असताना परदेशी ध्वजाच्या प्रवासी जहाजालाही हा कायदा लागतो. निकाल एकमताचा नव्हता. जहाजाच्या बांधणीत मोठे कायमचे बदल करायला किती भाग पाडता येईल, याची मर्यादाही न्यायमूर्तींनी मोकळी ठेवली. तरी दार उघडले. २०१० मध्ये वाहतूक खात्याने प्रवासी जहाजांसाठी स्वतंत्र नियम केले. अपंगत्वासाठी लागणाऱ्या सोयीचे जादा पैसे घेता येत नाहीत, आणि तक्रार ऐकून सोडवणारा अधिकारी नेमावा लागतो. या अधिकाऱ्याची गरज आम्हाला तिसऱ्याच दिवशी लागली.

सिअ‍ॅटलच्या ९१ क्रमांकाच्या धक्क्यावरून जहाज सुटले. पहिला दिवस आणि रात्र नुसता समुद्र. आई बाल्कनीत शाल घेऊन बसली, उठायलाच तयार नव्हती. सुरक्षेच्या कवायतीत मी विचारून घेतले की आग लागली तर लिफ्ट बंद होणार, मग आठव्या मजल्यावरून हिला कोण आणि कसे उतरवणार? कर्मचाऱ्याने जिन्यावरून उतरवण्याची खास खुर्ची दाखवली आणि आमच्या खोलीचा क्रमांक त्याच्या यादीत आहे हेही दाखवले. हे विचारायला लाजू नये.

तिसऱ्या दिवशी ज्युनो. अलास्काची ही राजधानी, आणि तिच्याजवळ मेंडनहॉल हिमनदी. तेथील पाहणीच्या जागेपर्यंत फरसबंद वाट जाते, खुर्ची अगदी समोर नेता येते, म्हणून सारी सहल मी तिच्याभोवती बेतली होती. खुर्चीसाठी उचलपाट असलेली बसही ठरवली होती. ज्युनोला मोठ्या जहाजांसाठी धक्के चार आहेत, आणि शहराने २०२४ पासून एका दिवशी पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आहे. पाचवे जहाज पाण्यात नांगर टाकून उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेले जाते. त्या दिवशीचे पाचवे जहाज आमचे होते. आम्हाला हे कळले आदल्या रात्री, खोलीत आलेल्या कागदावरून.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या उघड्या दारापाशी गेलो. जहाज स्थिर, होडी मात्र वरखाली होत होती. मधले अंतर कधी वीतभर, कधी दीड फूट. दारावरच्या बाईंनी नियम सांगितला की प्रवाशाने ते पाऊल स्वतःचे स्वतः टाकायला हवे, मदतनीस फक्त हात देतील. आईने होडीकडे बराच वेळ पाहिले. तेवढ्यात दोन तरुण खलाशी पुढे आले. चांगली मुले होती, हसरी. नियम बाजूला ठेवून म्हणाले, मॅडमना आम्ही अलगद उचलून ठेवतो, एका मिनिटाचे काम.

"नको," आई म्हणाली.

मी काय केले ते लिहायला हवे. मी तिला समजावू लागले. "आई, एकच मिनिट. समोर हिमनदी आहे. तू आयुष्यभर शिकवलीस." मागे रांग खोळंबली होती. माझा आठ वर्षांचा मुलगा माझा हात ओढत होता. मी आवाज चढवला. मराठीत, म्हणून कोणाला कळले नाही, पण आवाज चढल्याचे सगळ्यांना कळते. आईने खुर्ची स्वतःच्या हाताने मागे वळवली.

दुपारी तक्रार ऐकणारे अधिकारी आमच्या खोलीत आले. नम्र गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले की तुमच्या आईंना नेमके काय अडचणीचे वाटले. मी तोंड उघडण्यापूर्वी पलंगाच्या कडेवरून उत्तर आले, "आय अ‍ॅम द पॅसेंजर." जिल्हा परिषदेच्या शाळेतले इंग्रजी, प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. मग ते तिच्याकडे वळले आणि पुढची वीस मिनिटे तिच्याशीच बोलले. बसचे पैसे परत मिळाले. होडीने उतरावे लागेल हे कंपनीला महिन्यांपूर्वी ठाऊक होते आणि व्हीलचेअरच्या खोलीत असलेल्या प्रवाशाला ते कळवायला हवे होते, हेही त्यांनी लिहून दिले. हिमनदी परत मिळाली नाही.

त्या रात्री मी माफी मागितली. आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मला खांद्यावर बसवून किती वर्षे दीक्षाभूमीला नेलं, तुला माहीत आहे ना? गाडीतून उतरलं की थेट त्यांच्या खांद्यावर. तेव्हा मला कधी लाज वाटली नाही. मी वरून सगळी गर्दी बघायचे. आणि बाबासाहेबसुद्धा दीक्षेच्या दिवशी काठी आणि दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊनच उभे होते. खांदा घेणं वेगळं. माझा खांदा मी निवडते. ती पोरं चांगली होती, पण त्यांनी मला विचारलं नाही, तुला विचारलं."

मी तो क्षण आठवून पाहिला. खरेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहूनच विचारले होते.

स्कॅगवेला जहाज धक्क्याला लागले. येथून व्हाइट पासची छोटी आगगाडी डोंगरात चढते. सोन्याच्या शोधात लोंढे आले त्या काळात, १८९८ ते १९०० या दोन वर्षांत, कड्यांना सुरुंग लावून हा मार्ग केला. रूळ तीन फूट रुंदीचे, म्हणजे आमच्या मूर्तिजापूरच्या शकुंतलेहून अर्ध्या फुटाने जास्त. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची ही अडीच फुटी गाडी आता बंद आहे, पण आईची नोकरी तिच्यावर झाली. फलाट जवळजवळ जमिनीलगत, डब्याची पायरी मांडीएवढी उंच. रोज सकाळी कोणीतरी वरून दोन्ही हात धरून ओढायचे आणि कोणीतरी खालून ढकलायचे. एकदा कॅलिपरचा पट्टा तुटला आणि ती दिवसभर वर्गात खुर्चीवर बसून राहिली. मुलांनी फळ्यावरच्या आकृत्या त्या दिवशी स्वतः काढल्या.

स्कॅगवेच्या फलाटावर डब्याला यांत्रिक पाळणा जोडलेला होता. खुर्ची त्यावर ठेवली, चाके अडकवली, आणि आई हळूहळू डब्याच्या दाराच्या उंचीपर्यंत वर गेली. हात लावणारे कोणी नव्हते. अर्ध्या मिनिटाचा तो प्रवास. वर पोचल्यावर तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले, आणि ते हसणे मला नवे होते. २,८६५ फूट उंचीच्या खिंडीपर्यंत जाताना ती नातवाला दऱ्यांचे प्रकार सांगत राहिली. शेजारचे टेक्सासचे जोडपे एक शब्द न कळता ऐकत होते.

पाचव्या दिवशी ग्लेशियर बे. येथे धक्का नाही आणि कोणी उतरतही नाही, सगळे जहाजावरूनच पाहतात. राष्ट्रीय उद्यान असल्याने दिवसाला दोनच मोठी जहाजे आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर होडीने येऊन जहाजावर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून सांगू लागले. हा प्रदेश हूना ट्लिंगिट लोकांचा. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांची गावे गेली. पुढे बर्फ मागे हटला, पण मग सरकारी उद्यानाच्या नियमांनी त्यांचे येणे-जाणे आणि शिकार अडली. आई म्हणाली, "बर्फ तरी मागे गेला." तिने एवढेच म्हटले आणि पुन्हा शाल सावरली.

बाल्कनीच्या उंबरठ्यावर छोटा उतार बसवलेला होता. तो नसता तर पुढचे काहीच घडले नसते. खुर्ची कठड्यापर्यंत गेली. मार्जरी हिमनदी सुमारे मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उभी भिंत, आणि निळी. फळ्यावर आई ती पांढऱ्या खडूने काढत असे. जहाज जागच्या जागी हळूहळू फिरत होते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दिसावे. मग बंदुकीसारखा आवाज झाला, आणि आवाजानंतर थोड्या वेळाने भिंतीचा एक तुकडा सुटून पाण्यात गेला. आईने बर्फावरच्या काळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवले. "हिमोढ," ती म्हणाली. "मी पट्टे फार सरळ काढायचे."

मुलगा विचारत होता की आजी रडते आहे का. वारा फार होता, असे मी सांगितले.

केचिकनला पाऊस आणि ओहोटी. अलास्काच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणाला वीस फुटांपर्यंत जातो. मुंबईत साडेचार मीटरची भरती असली की महापालिका इशारा देते, त्याच्या पुढची ही गोष्ट. धक्क्याला लागलेले जहाज पाण्याबरोबर वरखाली होते आणि त्याचा उतरण्याचा पूलही. सकाळी तो इतका तिरका होता की खुर्ची उलटी धरून उतरवावी लागली असती. एडीएच्या मापाप्रमाणे एक फूट चढायला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा. इथला उतार त्याच्या दुप्पट तिरका असावा. आम्ही तेथील कर्मचाऱ्याला पाणी कधी चढेल ते विचारले, नाश्ता केला, आणि तीन तासांनी जवळजवळ सपाट पुलावरून उतरलो. ज्युनोला हे शहाणपण उपयोगी पडले नसते, कारण तेथे पूलच नव्हता. पण वेळ निवडता येते, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

शेवटचा थांबा कॅनडातील व्हिक्टोरिया, तोही रात्री आठ ते बारा. हा थांबा कशासाठी, असा प्रश्न पडतो. १८८६ चा एक अमेरिकी कायदा परदेशी ध्वजाच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात नुसते प्रवासी वाहू देत नाही. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत येणाऱ्या जहाजालाही मध्ये परदेशी बंदर गाठावे लागते. भारतीय पारपत्रावर आलेल्या आई-वडिलांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर सिअ‍ॅटललाच जहाजावर घेत नाहीत. अमेरिकेचा व्हिसाही पुन्हा प्रवेश देणारा हवा. बोटांचे ठसे द्यायला आईला खुर्चीवरून न्यावे लागले आणि तो दिवस सहलीतल्या कोणत्याही दिवसापेक्षा जास्त दमवणारा होता. विम्याचेही तसेच. जहाजावरील डॉक्टरांचे बिल वेगळे येते, आणि जुन्या दुखण्यांना बहुतेक पाहुणे-विमे हात लावत नाहीत. पॉलिसीतील ते पान वाचल्याशिवाय निघू नका.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी आईने मूर्तिजापूरला मावशीला फोन लावला. पाळण्यातून आगगाडीत चढल्याचे तीन वेळा सांगितले. मावशीने विचारले, बर्फाला हात लावला का? "नाही," आई म्हणाली, "लांबून पाहिला. जवळून बघायचा राहिलाय."

फोन ठेवून तिने मला लॅपटॉप आणायला सांगितला. ज्युनो बंदराचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. कोणत्या तारखेला कोणते जहाज, ते कोणत्या धक्क्याला लागणार आणि कोणते नांगरावर राहणार, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. मी दहा महिन्यांपूर्वी ते पाहू शकले असते. आईने चष्मा लावला, पुढच्या मे महिन्याचे पान उघडायला लावले आणि धक्क्याच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचायला घेतली.